म्हातारपणाची उभारी कोणत्या फूटपट्टीने मोजायची?

वार्धक्य म्हणजे ऱ्हास, ही समजूत वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ जवळजवळ गृहीतच धरली होती. वय वाढले की कोणता अवयव कधी थकतो, कोणते आजार कोणत्या क्रमाने गाठतात, याच्या नोंदी भरपूर झाल्या. परंतु जोडीदाराचा मृत्यू, पक्षाघाताचा झटका, पैशांची ओढाताण किंवा राहते घर सोडावे लागणे अशा आघातांनंतर काही वृद्ध पुन्हा उभे राहतात आणि काही खचतात, हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न तुलनेने अलीकडचा आहे. इंग्रजीत या गुणाला ‘रेझिलिअन्स’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागे उसळी घेणे असा आहे. मराठीत त्यासाठी एकच शब्द सांगणे अवघड. ‘लवचिकता’ म्हटले तर नुसते वाकणे सूचित होते, ‘चिवटपणा’त टिकून राहणे येते आणि ‘उभारी’त पडल्यावर पुन्हा उठणे. ही अडचण केवळ भाषांतरकाराची नाही. टिकून राहणे आणि पुन्हा उठणे या गोष्टी एकच की वेगळ्या, यावर संशोधकांतही एकमत नाही. त्या वेगळ्या असाव्यात, असे सुचविणारा पुरावा प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, आशियाई आणि मूळनिवासी वृद्धांच्या तसेच स्त्रियांच्या अभ्यासातून पुढे आला आहे.

हा अभ्यास अमेरिकेतच का वाढला, याचे कारण साधे आहे. त्या देशात जनगणनेपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सर्वत्र व्यक्तीच्या वंशाची नोंद होते. वंशानुसार आयुष्ये किती वेगवेगळी जातात, हे तेथे आकड्यांत दिसते आणि दिसले की त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

पुरुषांवरून काढलेले निष्कर्ष

वार्धक्याविषयीचे जे दीर्घकालीन अभ्यास आज अभिजात मानले जातात, त्यांत सुरुवातीला कोणाला घेतले होते हे पाहण्यासारखे आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये सुरू केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात २६८ विद्यार्थी निवडले गेले. ते सर्व पुरुष आणि सर्व श्वेतवर्णीय होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन एफ. केनेडी त्यांच्यापैकीच एक. त्यांचे वार्धक्य कसे गेले यावरून जॉर्ज व्हॅलंट यांनी २००२ मध्ये ‘एजिंग वेल’ हे बहुचर्चित पुस्तक लिहिले. या पुस्तकात बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील पुरुषांचा आणि कॅलिफोर्नियातील बुद्धिमान मुली म्हणून निवडलेल्या स्त्रियांचाही आधार घेतलेला आहे, हे खरे. पण कृष्णवर्णीय वृद्ध त्यात शोधून सापडत नाहीत. बाल्टिमोर येथील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला आणि त्यात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो थेट १९७८ मध्ये. म्हणजे वीस वर्षे ‘सामान्य वार्धक्य’ या नावाखाली जे नोंदले गेले, ते पुरुषांचे वार्धक्य होते. जगात कोठेही सर्वात वयोवृद्ध लोकांत स्त्रियाच अधिक असतात, हे ध्यानात घेतले तर या विसंगतीचे आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही.

जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखातून ‘यशस्वी वार्धक्य’ ही कल्पना मांडली. पुढे तिचे तीन निकष रूढ झाले: आजार व अपंगत्व कमी असणे, शारीरिक व बौद्धिक क्षमता चांगली असणे आणि जीवनात सक्रिय सहभाग असणे. या कल्पनेने वार्धक्याकडे पाहण्याची निराशावादी दृष्टी बदलली, याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. परंतु त्यामुळे वार्धक्य ही जणू परीक्षा ठरली आणि ज्यांना तरुणपणी खाणीत, शेतात किंवा दुसऱ्यांच्या घरी राबावे लागले ते आपोआप नापास झाले. गुडघे झिजलेली, मधुमेह असलेली, पण नातवंडांचा सांभाळ करणारी आणि वस्तीला आधार असलेली वृद्धा या निकषांत कोठे बसते? त्याऐवजी ‘उभारी’चा निकष अधिक न्याय्य वाटू लागला, कारण त्यात आजार नसण्याची अट नाही, आघातानंतर माणूस काय करतो, हे महत्त्वाचे.

त्यासाठी मोजपट्ट्याही तयार झाल्या. गेल वॅग्निल्ड आणि हेदर यंग यांची १९९३ मधील २५ विधानांची प्रश्नावली वार्धक्याच्या अभ्यासात खूप वापरली गेली. तिचे मूळ मोठ्या आघातातून सावरलेल्या २४ वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींत होते. स्त्रियांच्या अनुभवातून निघालेली मोजपट्टी, हे तिचे वेगळेपण. मात्र स्वावलंबन, चिकाटी, ‘मी माझ्या पायावर उभी आहे’ हा भाव तिच्यात ठळक आहे. ज्या समाजात संकटात शेजारी, देऊळ, चर्च किंवा भाऊबंद धावून येतात आणि मदत मागणे हा कमीपणा मानला जात नाही, तेथे एकट्याच्या जिद्दीला दिलेले गुण कितपत खरे चित्र दाखवतील, ही शंका पुढे अनेकांनी घेतली.

१९९३ मध्येच अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशांतून होणाऱ्या मानवी आरोग्य संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य गटांचा समावेश बंधनकारक केला. १९९७ मध्ये राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने अल्पसंख्याकांच्या वार्धक्यावरील संशोधनासाठी विद्यापीठांत खास केंद्रे सुरू केली. त्याआधी, १९९२ पासून मिशिगन विद्यापीठाच्या आरोग्य व निवृत्ती अभ्यासात पन्नाशीपुढील सुमारे २० हजार लोकांना दर दोन वर्षांनी प्रश्न विचारले जात होतेच. त्यात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक नागरिकांची संख्या मुद्दाम त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त ठेवण्यात आली, जेणेकरून त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे काही सांगता यावे.

गरिबी जास्त, आयुष्यही जास्त

या प्रयत्नांतून पहिला मोठा धक्का दिला तो मेक्सिकन वंशाच्या लोकांनी. किरियाकोस मार्किडीस आणि जेनिन कोरील यांनी १९८६ मध्ये असे दाखवून दिले, की नैऋत्य अमेरिकेतील हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक परंपरेतील लोकांचे उत्पन्न व शिक्षण कृष्णवर्णीयांच्या जवळपास असूनही त्यांचे आरोग्य अनेक बाबतींत श्वेतवर्णीयांच्या जवळ जाणारे आहे. गरिबी वाढली की आयुष्य घटते, या सर्वमान्य नियमाला हा छेद होता. पुढे हा प्रकार ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१९ मध्ये अमेरिकेत हिस्पॅनिकांचे सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वर्षे होते, श्वेतवर्णीयांचे सुमारे ७९ आणि कृष्णवर्णीयांचे सुमारे ७५.

स्पष्टीकरणे अनेक पुढे आली. स्थलांतर करतात ते मुळात धडधाकट असतात, हे एक. म्हातारपणी किंवा आजारी पडल्यावर काहीजण मायदेशी परततात, त्यामुळे त्यांचे मृत्यू अमेरिकेच्या हिशेबात येत नाहीत, हे दुसरे. नदीत उलट परतणाऱ्या सामन माशावरून याला नावही पडले. आना अब्राइदो-लान्झा व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते मोठ्या कल्पकतेने तपासले. क्युबातून आलेल्यांना राजकीय कारणांमुळे परत जाणे शक्य नव्हते आणि पोर्तो रिकोत परतलेल्यांचे मृत्यू अमेरिकेच्याच आकडेवारीत मोजले जात होते. तरीही या दोन्ही गटांत मृत्युदर कमीच आढळला. म्हणजे सगळा खेळ हिशेबाचा नव्हता. पुढील संशोधनात धूम्रपानाचे कमी प्रमाण हे या फरकाचे एक मोठे कारण असल्याचे दिसले. त्यात गूढ असे काही नाही.

परंतु एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मार्किडीस यांच्याच पुढाकाराने १९९३-९४ मध्ये टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या पाच राज्यांतील ६५ वर्षांवरील ३,०५० मेक्सिकन वंशाच्या वृद्धांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यातून दोन लक्षणीय गोष्टी दिसल्या. ज्या वृद्धांनी आपण आशावादी, आनंदी आहोत असे सांगितले, त्यांना पुढील दोन वर्षांत परावलंबित्व किंवा मृत्यू येण्याची शक्यता इतरांच्या निम्मी होती, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. दुसरी गोष्ट २००४ मधील. ज्या वस्त्यांत मेक्सिकन वंशाच्या लोकांची दाटी अधिक, तेथे गरिबी अधिक असूनही वृद्धांचा मृत्युदर कमी होता. आपल्या भाषेत बोलणारे शेजारी, ओळखीचे दुकान, रविवारचे चर्च यांचा काही परिणाम आरोग्यावर होत असावा. उभारी ही माणसाच्या स्वभावाइतकीच तो ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचीही असू शकते, हे येथे आकड्यांत दिसले.

याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. हे वृद्ध अधिक जगतात, पण मधुमेह आणि अपंगत्व घेऊन जगतात. आयुष्याची वाढीव वर्षे पुष्कळदा परावलंबनात जातात आणि त्यांचा भार बहुधा मुली-सुनांवर पडतो. ‘विरोधाभास’ या शब्दाच्या चमकेत ही बाजू झाकली जाते.

हातोडा आणि रक्तदाब

अमेरिकेच्या लोककथांत जॉन हेन्री नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार आहे. खडक फोडण्याच्या वाफेच्या यंत्राशी तो हातोडा घेऊन स्पर्धा करतो, यंत्राला हरवतो आणि हातातील हातोड्यासह कोसळून मरतो. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनात एक वृद्ध शेतकरी भेटला. १९०७ मध्ये जन्मलेल्या या माणसाने जेमतेम दोन इयत्तांचे शालेय शिक्षण घेतले होते. अर्धेलीने, म्हणजे निम्मे पीक मालकाला देऊन, शेती करणाऱ्यांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून त्याने कुटुंबाची सुटका केली आणि वयाच्या चाळिशीपर्यंत स्वतःची ७५ एकर जमीन केली. पन्नाशी उलटेपर्यंत मात्र त्याला उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातील गंभीर व्रण यांनी ग्रासले होते. त्याचे नावही, योगायोगाने, जॉन हेन्रीच होते.

जेम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या संकल्पनेला ‘जॉन हेन्रीइझम’ हे नाव मिळाले ते यावरून. अडथळे कितीही मोठे असले तरी कष्टाने ते पार करीनच, ही वृत्ती मोजणारी बारा विधानांची प्रश्नावली त्यांनी तयार केली. ज्यांच्याकडे पैसा व शिक्षण आहे त्यांना ही वृत्ती फारशी बाधत नाही. ज्यांच्याकडे ते नाही अशा कृष्णवर्णीयांत ती वृत्ती जितकी तीव्र तितका रक्तदाब अधिक, असे सुरुवातीच्या अभ्यासांत आढळले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध तितका ठळक आला नाही, हे नमूद केले पाहिजे. तथापि एक अवघड प्रश्न त्यातून कायमचा उभा राहिला. उभारीच्या कोणत्याही प्रश्नावलीत या शेतकऱ्याला उत्तम गुण मिळाले असते. त्याच्या रक्तवाहिन्यांना कोणी विचारले नव्हते.

हाच धागा आर्लीन जेरोनिमस यांनी पुढे नेला. १९९२ मध्ये त्यांनी ‘वेदरिंग’ ही उपपत्ती मांडली. ऊन-पावसाने खडक झिजावा तसे अपमान, असुरक्षितता आणि अखंड सावधपणा यांनी शरीर वेळेआधी झिजते, असा तिचा आशय आहे. ताणाशी सतत जुळवून घेताना शरीरावर जो भार साचतो, तो रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा मोजमापांतून एकत्रितपणे आजमावता येतो. २००६ मध्ये जेरोनिमस व सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखवले, की हा भार श्वेतवर्णीयांपेक्षा कृष्णवर्णीयांत अधिक असून कृष्णवर्णीय स्त्रियांत सर्वाधिक आहे, आणि गरिबी वगळून तुलना केली तरी हा फरक पुरता नाहीसा होत नाही. वार्धक्याचा अभ्यास साठीला सुरू करणे म्हणजे उशीर करणे आहे, असा याचा सरळ अर्थ.

जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय किशोरवयीनांवर जीन ब्रॉडी आणि ग्रेगरी मिलर यांनी केलेले काम या संदर्भात अस्वस्थ करणारे आहे. गरीब घरातील जी मुले संयमी, अभ्यासू, व्यसनांपासून दूर राहिली, ती शिक्षणात आणि मनःस्वास्थ्यात पुढे गेली. मात्र २०१५ च्या निबंधानुसार त्यांच्या पेशींतील डीएनएवरील रासायनिक खुणा त्यांचे जैविक वय अधिक वेगाने वाढत असल्याचे दाखवीत होत्या. सुस्थितीतील मुलांत संयमाचा असा मोबदला द्यावा लागत नव्हता. संशोधकांनी याला ‘कातडीपुरती उभारी’ असे म्हटले आहे. वर टवटवीत, आत झिजलेली.

मनाच्या बाबतीतही चित्र असेच दुहेरी आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांनी १९७९-८० मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची पहिली मोठी राष्ट्रीय पाहणी केली आणि २००१ ते २००३ या काळात दुसरी. कृष्णवर्णीयांची तुलना नेहमी श्वेतवर्णीयांशीच का करायची, त्यांच्यातही आफ्रिकी व कॅरिबियन असे भेद आहेत, हा त्यांचा आग्रह. दुसऱ्या पाहणीतून असे दिसले, की आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण श्वेतवर्णीयांत सुमारे १८ टक्के, कॅरिबियन कृष्णवर्णीयांत १३ टक्के आणि आफ्रिकी अमेरिकींत १० टक्के होते. येथेच थांबले तर हे चिवटपणाचे उत्तम उदाहरण ठरते. परंतु एकदा नैराश्य आले, की ते चिकटून राहण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे ५६ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३९ टक्क्यांच्या आसपास होते. कमी जण पडतात, पण जे पडतात त्यांना उठणे अधिक कठीण जाते. टिकून राहणे आणि पुन्हा उठणे यांतील फरक याहून स्पष्ट कोठे दिसेल?

जे उरले त्यांचीच मुलाखत

आलेखावर वय आणि मृत्युदर मांडला, तर कृष्णवर्णीयांची रेषा आयुष्यभर श्वेतवर्णीयांच्या वर राहते आणि ऐंशीच्या पुढे कोठेतरी खाली येते, म्हणजे अतिवृद्धांत कृष्णवर्णीयांचा मृत्युदर कमी दिसतो. याला काहींनी असामान्य काटकपणाचे लक्षण मानले. सॅम्युअल प्रेस्टन, आयर्मा एलो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मृत्यूच्या दाखल्यांवरील वय त्या व्यक्तींच्या बालपणीच्या जनगणनेतील नोंदींशी ताडून पाहिले. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी जन्मनोंदणी अपुरी असल्याने वयांत मोठ्या चुका होत्या. त्या दुरुस्त केल्यावर दोन रेषा एकमेकींना छेदण्याचे वय बरेच पुढे, नव्वदीपलीकडे सरकले.

आणि जेथे हा छेद खरा असेल तेथेही त्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. दुर्बल प्रकृतीची माणसे पन्नाशी-साठीतच गेली, तर ऐंशीला जे उरतात ते निवडलेले असतात. ऐंशी वर्षांच्या शंभर जणांना त्यांच्या उभारीचे रहस्य विचारणारा संशोधक जे ऐंशीपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांना काहीच विचारू शकत नाही. वृद्धांच्या उभारीवरील प्रत्येक अभ्यासात ही अडचण कमी-अधिक असते. ज्या गटाचे आयुर्मान कमी त्या गटात ती सर्वाधिक. त्यामुळे उरलेल्यांच्या गुणगानात मेलेल्यांची मोजदाद राहून जाण्याचा धोका असतो.

विश्वासाचा प्रश्न वेगळाच. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी अभ्यास चालू होता. त्यांपैकी सुमारे ४०० जणांना उपदंश झालेला असूनही, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरसुद्धा त्यांना ते देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून गौप्यस्फोट झाल्यावर हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली ती १९९७ मध्ये. ज्या पिढीला हे ठाऊक आहे त्या पिढीतील वृद्धांनी रक्ताचा नमुना देण्यापूर्वी दहा प्रश्न विचारले, तर त्याला संशयी स्वभाव म्हणणे उचित नव्हे.

स्त्रिया अधिक जगतात, पण कशा?

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वर्षे जगतात आणि अधिक वर्षे आजारपणातही काढतात. जवळजवळ सर्व देशांत हे आढळते. चिवटपणाचे माप आयुष्याची लांबी हे धरले तर स्त्रिया जिंकतात, कार्यक्षमता धरली तर हरतात. ‘स्त्रिया’ हा गटही एकसंध नाही. अमेरिकेत १९९६-९७ पासून सात शहरांतील ३,३०२ स्त्रियांचा रजोनिवृत्तीच्या काळातील पाठपुरावा करण्यात आला. त्यात श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी व जपानी वंशाच्या स्त्रिया होत्या. २०१५ मध्ये त्यातून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अंगाची लाही होणे, घाम फुटणे या त्रासाचा मध्यम कालावधी कृष्णवर्णीय स्त्रियांत दहा वर्षांहून थोडा अधिक, श्वेतवर्णीय स्त्रियांत साडेसहा, तर जपानी वंशाच्या स्त्रियांत पाच वर्षांहून कमी होता. ‘हे काही दिवसांत जाते’ असे डॉक्टर सर्वांना सांगत आले. ते नेमके कोणावरून ठरवले होते, हा प्रश्न आता विचारता येतो.

समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी वृद्धांचा विचार तर फारच उशिरा झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅरन फ्रेड्रिक्सन-गोल्डसन यांनी पन्नाशीपुढील अशा अडीच हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ८२ टक्के जणांना ओळखीमुळे आयुष्यात किमान एकदा तरी छळ सोसावा लागला होता. अपंगत्व, नैराश्य आणि एकटे राहण्याचे प्रमाण इतरांहून अधिक. मुलेबाळे बहुतेकांना नाहीत. तरीही त्यांनी मित्रांतून उभी केलेली कुटुंबे भक्कम असल्याचे आढळले. ही माणसे तरुण असताना अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत समलिंगी असणे हा आजार होता. तो १९७३ मध्ये काढण्यात आला. भारतात कलम ३७७ खालील गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवला, तेव्हा येथील त्याच वयाची माणसे साठी ओलांडून गेली होती.

अलास्कातील ब्रिस्टल बे परिसरात जॉर्डन लुईस यांनी मूळनिवासी वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात २६ ज्येष्ठांचे म्हणणे आहे. तेथे ‘ज्येष्ठ’ हे बिरुद वयाने मिळत नाही, समाज ते देतो. मनाचे स्थैर्य, समाजातील सहभाग, श्रद्धा आणि शारीरिक आरोग्य या चार गोष्टी त्यांनी महत्त्वाच्या मानल्या. आरोग्य ही त्यांतील केवळ एक. पुढच्या पिढीला शिकार, मासेमारी आणि भाषा शिकवणे हा म्हातारपणाचा भाग आहे, उतारवयातील छंद नव्हे. रो आणि कान यांच्या निकषांशेजारी हे निकष ठेवले, म्हणजे वेगवेगळ्या समाजांना त्यांचाच मापदंड विचारण्याची गरज का आहे, ते कळते.

साथीने घेतलेली परीक्षा

कोव्हिड-१९ च्या साथीने या सगळ्या सिद्धान्तांची कठोर तपासणी केली. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत हिस्पॅनिकांचे सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वरून ७८ वर्षांच्या आसपास घसरले. मूळनिवासी अमेरिकींचे सुमारे ७२ वरून ६६ च्याही किंचित खाली आले. जी मोठी कुटुंबे, दाट वस्त्या आणि एकत्र राहणे हिस्पॅनिक वृद्धांचा आधार मानले जात होते, त्यांतूनच विषाणू घरात शिरला. घरातील तरुण कत्तलखान्यांत, शेतांत, गोदामांत कामाला जात होते आणि त्यांना घरून काम करण्याची सोय नव्हती. आधार नाहीसा झाला नव्हता. परिस्थिती बदलल्यावर तोच धोक्याचा मार्ग ठरला. आश्चर्य असे, की त्याच काळात अमेरिकेत घेतलेल्या अनेक पाहण्यांत तरुणांपेक्षा वृद्धांची मनःस्थिती अधिक शांत असल्याचे आढळले.

या अभ्यासांचे भवितव्य आता राजकारणाशी जोडले गेले आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वंश, लिंगभाव आणि विविधता यांच्याशी संबंधित शेकडो अनुदाने रद्द केली. जूनमध्ये बोस्टनच्या संघराज्य न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानांपुरता तो आदेश थोपवला. एखादा प्रयोग थांबवून पुन्हा सुरू करता येतो. वीस वर्षे चाललेल्या पाठपुराव्यातील एक फेरी चुकली, तर पंच्याऐंशी वर्षांच्या सहभागींची ती दोन वर्षे पुन्हा नोंदता येत नाहीत.

‘आशियाई’ म्हणजे कोण?

अमेरिकेच्या आकडेवारीत सर्वाधिक आयुर्मान आशियाईंचे. २०२१ मध्ये ते ८३.५ वर्षे होते. पण या एका रकान्यात जपानी, व्हिएतनामी, फिलिपिनो आणि भारतीय सर्वच येतात. मायकल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी १९७६ मध्येच कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या ३,८०९ पुरुषांच्या अभ्यासातून दाखवले होते, की ज्यांनी जपानी पद्धतीचे समूहजीवन टिकवले त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी होता, तर पूर्णपणे अमेरिकी वळणाच्या पुरुषांत तो तीन ते पाचपट अधिक होता, आणि आहार किंवा धूम्रपान एवढ्याने हा फरक उलगडत नव्हता. दक्षिण आशियाईंची गोष्ट नेमकी उलटी आहे. शिक्षण व उत्पन्न उत्तम असूनही त्यांच्यात हृदयविकार आणि मधुमेह लवकर येतो. त्यांच्यासाठी ‘मसाला’ या लघुनावाने २०१० मध्ये स्वतंत्र अभ्यास सुरू झाला; सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील ४० ते ८४ वयोगटातील ९०६ जण त्यात प्रारंभी सहभागी झाले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यानंतर मुंबई-पुण्याहून गेलेले आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे करणारे डॉक्टर, अभियंते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुले बहुधा दुसऱ्या राज्यात असतात आणि थोरली भावंडे महाराष्ट्रात.

भारतात वंशाऐवजी जात, शिक्षण, गाव-शहर आणि स्त्री-पुरुष हे भेद महत्त्वाचे. २०२१ मध्ये देशात साठीपुढील लोकसंख्या सुमारे १३ कोटी ८० लाख असल्याचा अंदाज होता. अमेरिकेच्या आरोग्य व निवृत्ती अभ्यासाच्या धर्तीवर येथे ‘लासी’ ही पाहणी उभी राहिली. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून ती केली. २०१७ ते २०१९ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेऊन तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फूटपट्टीचा प्रश्न येथेही आलाच. स्मृतिभ्रंशाच्या रूढ परदेशी चाचणीत कागदावरील वाक्य वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, अशा सूचना असतात. कधी शाळेत न गेलेल्या आजी त्यात नापास होणारच. त्याचा अर्थ त्यांची बुद्धी क्षीण झाली असा होत नाही. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात निरक्षरांसाठी तयार झालेली हिंदी चाचणी ‘लासी’च्या स्मृतिभ्रंशविषयक उपअभ्यासात आधाराला घेण्यात आली आणि नातेवाइकांनाही वेगळे प्रश्न विचारण्यात आले. साठीपुढील ४,०९६ जणांच्या या तपासणीतून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, पुरुषांत ५.८ आणि स्त्रियांत ९ टक्के. शहरांपेक्षा ते खेड्यांत जास्त आहे. वृद्धांच्या बौद्धिक क्षमतेतील स्त्री-पुरुष तफावतीचा बराच भाग ‘लासी’च्याच माहितीवरून केलेल्या विश्लेषणांत शिक्षणातील तफावतीशी जोडला गेला आहे, म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्या घरातील मुलगा शाळेत गेला आणि मुलगी गेली नाही, याच्याशी.